मुलांना घेऊन भीमाशंकरच्या जंगलात: पुण्याहून एका सकाळची आखणी

पुण्यात मुलांना जंगल दाखवायचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ताडोब्याचं. ताडोबा १९५५ पासूनचं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथं जायलाच हवं, पण मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर. उघड्या जिप्सीत तीन-चार तास गप्प बसायचं, मनात येईल तिथं खाली उतरायचं नाही, पहाटेचा गारठा आणि दुपारची धूळ सोसायची, हे पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही. त्याआधीचा ७०० किलोमीटरांहून जास्त प्रवास वेगळाच. लहान मुलाला जंगलाची ओळख पायी व्हावी. मनात येईल तिथं थांबता यावं, पान उचलून पाहता यावं, कंटाळा आला तर मागे फिरता यावं. पुणेकरांना त्यासाठी भीमाशंकर सोयीचं.

भीमाशंकर हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. आपला राज्यप्राणी शेकरू हे ते राखण्याचं मोठं कारण. बहुतेक लोक इथं ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येतात आणि जंगल गाडीच्या काचेतून पाहून परततात. मुलांना घेऊन जंगलासाठी जायचं असेल तर आखणी वेगळी लागते: एक वाट, एक प्राणी, एक सकाळ. एका दिवसात दर्शन, नागफणी, गुप्त भीमाशंकर आणि डिंभे धरण असं सगळं बसवायला गेलात, तर अकरा वाजता मूल रडायला लागेल आणि जंगलातलं त्याला काहीच आठवणार नाही.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. वाटा वाळलेल्या असतात, ओढ्यांत थोडं पाणी असतं, हवा गार असते. मार्च ते मेमध्ये दुपारी तापतं, पण झाडांना फळं असल्यामुळे शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते. सकाळी साडेदहाच्या आत चालणं उरकणार असाल तर उन्हाळ्यातही हरकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांना जंगलात नेऊ नका. इथला पाऊस पुण्याच्या पावसासारखा नसतो. कोसळतो तेव्हा तास-तास थांबत नाही, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. मुळांवर आणि दगडांवर शेवाळ धरतं, मोठ्यांचेही पाय सटकतात. त्यात श्रावणी सोमवारची गर्दी, गाड्या काही किलोमीटर अलीकडेच अडवलेल्या. महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांनाही तीच तऱ्हा. शाळेला एक दिवस दांडी मारून मंगळवारी किंवा बुधवारी जाणं रविवारपेक्षा कितीतरी पटीनं चांगलं.

काजव्यांचा हंगाम मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. त्यासाठी रात्री थांबावं लागतं आणि वनखातं जिथं परवानगी देतं तिथंच पाहावं लागतं. पावसाळी रात्री इथं चमकणारी बुरशीही दिसते, पण तिच्यामागे मुलांना घेऊन रात्री जंगलात शिरू नये. अंधार पडल्यावर अभयारण्यात फिरणं बेकायदा तर आहेच, शिवाय त्याच वेळी साप आणि विंचू बाहेर पडतात.

आधीचा आठवडा

आधीच्या रविवारी वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी तीन किलोमीटर चालवून पाहा. नवे बूट जंगलात पहिल्यांदा घालायचे नाहीत. ते टेकडीवरच घालून टाचेला कुठं लागतंय ते पाहून घ्या. सपाट तळव्याचे शाळेचे पांढरे बूट घसरतात. तळाला खाचा असलेले साधे खेळाचे बूट पुरतात, ट्रेकिंगचे महागडे बूट नकोत. सहा वर्षांचं मूल डांबरी रस्त्यावर तासाला तीन किलोमीटर चालेल. जंगलात थांबत-बघत ते एक ते दीड किलोमीटरच जातं. सगळा हिशोब या वेगावर धरायचा.

दुर्बीण असेल तर ती वापरायची सवयही घरीच लावा. मुलांसाठी ८ पट मोठं दाखवणारी, म्हणजे ८×३० किंवा ८×३२ ची घ्या. १० पटीची दुर्बीण लहान हातात थरथरते. मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, म्हणून दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात का ते घेतानाच त्याच्या डोळ्यांना लावून तपासा. नाहीतर त्याला दोन काळे गोल दिसतात आणि 'मला काही दिसत नाही' म्हणून ते दुर्बीण परत देतं. गच्चीवरून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावा. आधी नुसत्या डोळ्यांनी पाटीकडे पाहायचं, नजर तिथंच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. ही एक गोष्ट जमली की झाडावरचं शेकरू सापडतं. सूर्याकडे दुर्बीण कधीही धरायची नाही, हे त्याच वेळी बजावून सांगा.

पिशवीत काय

दर मुलामागे एक लिटर पाणी, मोठ्यांना दोन. बाटल्या स्टीलच्या घ्या. जंगलात प्लॅस्टिक न्यायचं नाही हा नियम मोडायची वेळच येत नाही. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी. घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा चेन असलेल्या सॅकच्या तळाशी. वेफर्सचं पुडकं अजिबात नको. त्याची चुरचुर ऐकून माकडं लांबून येतात.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ आणि सुती. पँट मोज्यात खोचायची. भीमाशंकर सुमारे हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला स्वेटर लागतो आणि दहाला नकोसा होतो. एक जाड जाकीट देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. टोपी केशरी किंवा लाल चालेल. प्राणी रंगापेक्षा हालचालीला आणि आवाजाला बिचकतात, आणि झाडीत मूल तुम्हाला चटकन दिसणं जास्त महत्त्वाचं.

मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि खिशात दोन फोन नंबर लिहिलेला कागद. मोबाइलला रेंज अधूनमधूनच असते, म्हणून नकाशा पुण्यातच उतरवून ठेवा. बाकी एक बारीक टोकाचा चिमटा, साबणाची वडी, चिकटपट्टी, बँडेज, ओआरएसच्या दोन पुड्या, छोटं खुरपं, जुनी वर्तमानपत्रं आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

रस्ता

शिवाजीनगरपासून भीमाशंकर साधारण ११० ते १२५ किलोमीटर. राजगुरुनगरपर्यंत रस्ता एकच. पुढे दोन पर्याय आहेत. वाडा गावावरून जाणारा रस्ता अंतराला कमी आहे. दुसरा मंचर-घोडेगाव-डिंभे असा जातो. गाडी लागणारं मूल असेल तर मंचरचा घ्या. घोडेगावपर्यंत तो बराचसा सरळ आहे, वळणं डिंभ्यानंतर लागतात. डिंभ्याला घोड नदीवरचं धरण लागतं. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, आणि ते याच आंबेगाव तालुक्यातले. मुलांचे पाय मोकळे करायला, लघवीला थांबायला आणि उलटीची शक्यता टाळायला हीच जागा योग्य. घाट सुरू होण्याआधी दहा मिनिटं थांबलात तर पुढचा तास सुखाचा जातो.

उपाशी पोटी गाडी जास्त लागते. निघताना अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं द्या, दूध नको. मागे बसून मोबाइल पाहणं पूर्ण बंद. उलटीचं औषध द्यायचं असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे किती ते बालरोगतज्ज्ञांना आधी विचारा. दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं स्वतःच्या मनानं देऊच नयेत.

पहाटे पाचला घर सोडा. चाकण सहाच्या आत ओलांडलं नाही तर कारखान्यांच्या पाळीच्या गर्दीत तास जातो, आणि तो तास शेकरूच्या वेळेतून वजा होतो. आठ-सव्वाआठला पोचता आलं तर उत्तम. आदल्या रात्री घोडेगाव किंवा तळेघर परिसरात मुक्काम केला तर मुलं ताजीतवानी असतात. जमत असेल तर हाच पर्याय घ्या. निघण्याआदल्या दिवशी रस्त्याची आणि देवस्थान परिसरातल्या कामांची चौकशी करा. पेट्रोल मंचरलाच भरा.

कर्जतकडच्या खांडसवरून शिडी घाटानं मुलांना वर आणण्याचा विचार कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. तिथं उभ्या कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत.

कोणती वाट

पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुप्त भीमाशंकरची वाट. देवळाकडून निघून दाट झाडीतून ती दीड-दोन किलोमीटर जाते, बराच वेळ सावली असते. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: एसटी स्टँडपासून देवळापर्यंत दोनशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. जाताना मूल धावत उतरतं आणि येताना, सगळं चालणं झाल्यावर, त्याच पायऱ्या चढायच्या असतात. म्हणून पोचायचं ठिकाण ठरवू नका, परतायची वेळ ठरवा. साडेनऊला जिथं असाल तिथून मागे फिरायचं. पुढं काहीही असलं तरी.

दहा वर्षांपुढच्या मुलांना हनुमान तळ्यावरून नागफणीला नेता येतं. वर उघडं पठार आहे, वारा जोरात असतो आणि कोकणाच्या बाजूला कडा सरळ तुटलेला आहे. कड्यापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर राखून बसायचं. बसूनच बघायचं, उभं राहून फोटो नाही. गवत वाळलेलं असलं की त्यावरून बूट घसरतात. धुकं येताना दिसलं तर लगेच उतरायला लागा.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाबागाडी कुठंही चालत नाही. पाठीवर घ्यायची झोळी लागते, आणि सव्वा किलोमीटरपेक्षा पुढे जाऊ नये.

गावातला माहितगार सोबत घेतला तर फार फरक पडतो. इथले महादेव कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात. कोणत्या झाडाला आत्ता फळ आहे हे त्यांना माहीत असतं, आणि जिथं फळ तिथं शेकरू. पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका.

शेकरू शोधायचं कसं

शेकरू ही मोठी खार. शेपटीसकट सुमारे तीन फूट लांब, वजन दोन किलोच्या आसपास. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर पांढरं. ती जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून मुलांनी पायाखाली शोधण्यात अर्थ नाही. पण सुरुवात मात्र जमिनीपासूनच करायची: ताजी कुरतडलेली जांभळं, अर्धवट खाल्लेलं फळ, सालीचे तुकडे असं काही सापडलं तर तिथंच थांबा आणि वर पाहा.

मग घरटं. शेकरू डहाळ्या आणि पानांचा मोठा गोल घरटं म्हणून बांधते, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथं दोन झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात. घारीचं घरटं काटक्यांचं आणि चपटं असतं, हे गोल आणि पानांचं. पानं हिरवी असतील तर घरटं चालू आहे, वाळून तपकिरी झाली असतील तर जुनं. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे ती आत असेलच असं नाही. मुलांना मोजायला सांगा: हिरवी किती, तपकिरी किती. अर्धा तास शांततेत जातो.

घरट्याजवळ सगळ्यांनी एका झाडाच्या खोडाला पाठ टेकून पाच मिनिटं उभं राहायचं. बोलायचं नाही. वारा नसताना एकाच फांदीची पानं हलली, किंवा वरून खडखडाट केल्यासारखा भरभर आवाज आला, की तिकडे नजर. दिसली तर ओरडायचं नाही, डोक्यावर हात ठेवायचा, अशी खूण आधीच ठरवा. नाहीतर पहिलं मूल 'तो बघ!' म्हणून किंचाळतं आणि दुसऱ्याला फक्त हलणारी फांदी दिसते. घाबरलेली शेकरू फांदीला सपाट चिकटून बसते. तशी बसली तर दोन मिनिटं वाट पाहा, धोका नाही हे कळलं की ती पुन्हा चालू लागते. खात असेल तर मागच्या पायांनी फांदी धरून उलटी लटकलेली दिसेल, पुढचे दोन्ही पाय फळ फिरवायला मोकळे. हे दुर्बिणीतून दिसलं की मुलं आपोआप गप्प होतात. साडेदहानंतर ती विश्रांती घेते, मग शोधू नका.

शेकरू नाही दिसली तरी अंजनाची झुडपं, कारवीचे दांडे, शीळकरी कस्तूर या पक्ष्याचं माणसासारखं शीळ घालणं असं बरंच असतं. एक साधं भिंग जवळ ठेवा. पडलेल्या लाकडाचा एक हातभर तुकडा भिंगातून पाहायला मुलांना वीस मिनिटं पुरत नाहीत. लाकूड उलटायचं असेल तर ते मोठ्यांनी, काठीनं, आणि पाहून झाल्यावर तसंच परत ठेवायचं.

कुठे बिघडतं

पायऱ्यांवर माकडांचा त्रास ठरलेला. वानर, म्हणजे काळ्या तोंडाचं, सहसा लांब राहतं. लाल तोंडाचं माकड हातातली पिशवी ओढतं. मुलाच्या हातात काहीही द्यायचं नाही, प्रसादाची पुडीसुद्धा. माकड समोर आलं तर त्याच्या डोळ्यांत पाहायचं नाही आणि हसायचं नाही, कारण दात दिसले की त्याला ते आव्हान वाटतं. पळायचं नाही, सावकाश बाजूला व्हायचं. पिशवी पकडलीच तर सोडून द्या. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, जखम लहान असली तरी.

आग्या माश्यांची पोळी कड्यांना आणि उंच झाडांना असतात. त्या दिवशी घरात कोणीही अत्तर किंवा सेंट लावू नये. धूर नाही, पोळ्याच्या दिशेनं दगड नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्या तर हात न झाडता, डोकं आणि तोंड कपड्यानं झाकून, लांब पळायचं. एकाच ठिकाणी बसून राहिलात तर त्या जास्त चावतात.

ओलसर झुडपांत चापडा हा हिरवा विषारी साप फांदीवर बसतो, तेही नेमका मुलांच्या हाताच्या उंचीवर. म्हणून वाटेच्या कडेची पानं चाचपत चालायची सवय मोडा. हात लावण्याआधी पाहायचं. साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. मुलाला आडवं करून तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, उचलून न्या आणि १०८ ला फोन करा. घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे. वनखात्याची मदत १९२६ वर मिळते.

हिवाळ्यात खाजकुयलीच्या सोनेरी लवेच्या शेंगा वेलींवर लटकतात. मखमलीसारख्या दिसतात म्हणून मुलं हमखास हात लावतात. खाज सुटली की चोळू नका, कुसं आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून खेचून काढा, दोन-तीनदा नवी पट्टी वापरा, मग धुवा.

मूल चुकलं तर काय करायचं हे गाडीतच शिकवा: जिथं आहेस तिथलं झाड धरून थांब, तीन शिट्ट्या वाजव, थोडं थांब, पुन्हा तीन. शोधायला म्हणून चालत सुटायचं नाही. तुम्ही चालताना एक मोठं माणूस सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. एक मोठं आणि तीन मुलं असं कधीच जाऊ नका.

शौचाला नेता येतं ते स्टँडजवळ, निघण्याआधी. वाटेत वेळ आलीच तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर खुरप्यानं वीतभर खड्डा काढा, माती लोटा, कागद मात्र पिशवीत परत आणा.

परत आल्यावर

गाडीत बसण्याआधी वर्तमानपत्र अंथरून बूट आणि मोजे काढून झटका. घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी अंगाची तपासणी करा: कानामागे, मानेवर केसांत, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे. गोचीड दिसली तर रॉकेल, तेल किंवा पेटती काडी लावू नका. चिमटा कातडीला टेकवून तिचं तोंड पकडा आणि सरळ वर, हळू ओढा. पीळ दिला तर तोंड आत तुटतं. कपडे वेगळे गरम पाण्यात धुवा.

पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, डोकं दुखायला लागलं, किंवा अंगावर कुठं विडीनं भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आपणहून सांगा. स्क्रब टायफस बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. त्याचं औषध स्वस्त आहे, पण डॉक्टरांच्या मनात तो आजार आला तरच ते वेळेत सुरू होतं.